विश्लेषण : रेल्वेरुळांखालची खडी सुटीच का असते? ब्रुनेल यांच्या फसलेल्या लोहमार्गाने काय शिकवले?

मुसळधार पावसात रुळांखालची खडी वाहून गेली आणि गाड्या ठप्प झाल्या, ही बातमी पावसाळ्यात नवी नसते. मग ही खडी सिमेंट ओतून कायमची पक्की का करत नाहीत, असा प्रश्न साहजिकच पडतो. सुमारे १९० वर्षांपूर्वी इंग्लंडमधील एका प्रतिभावान अभियंत्याने लोहमार्ग जमिनीला कायमचा जखडून टाकण्याचा प्रयत्न केला होता. तो फसला आणि त्यांची नोकरी जाता जाता वाचली. इझंबार्ड किंग्डम ब्रुनेल यांची आणि त्यांच्या लोहमार्गाखालच्या खडीची ही गोष्ट.

ब्रुनेल कोण होते?

ब्रुनेल यांचा जन्म ९ एप्रिल १८०६ रोजी इंग्लंडमधील पोर्ट्समथ येथे झाला. वडील मार्क ब्रुनेल हे मूळचे फ्रेंच. राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्यांनी फ्रान्स सोडला होता आणि पुढे इंग्लंडमध्ये अभियंता म्हणून नाव कमावले होते. मुलाला त्यांनी शिक्षणासाठी फ्रान्सला पाठवले. पॅरिसमधील नामवंत घड्याळजी ब्रेगे यांच्याकडे मुलाने काही काळ उमेदवारीही केली. पण घरची परिस्थिती कायम चांगली नव्हती. १८२१ मध्ये कर्जापायी वडिलांना तुरुंगात जावे लागले.

वयाच्या विसाव्या वर्षी ब्रुनेल वडिलांच्या थेम्स बोगद्याच्या कामावर निवासी अभियंता झाले. नदीच्या तळाखालून बोगदा काढण्याचे ते काम जिवावरचे होते. जानेवारी १८२८ मध्ये बोगद्यात पाणी घुसले. सहा जण बुडाले आणि ब्रुनेल जबर जखमी झाले. प्रकृती सुधारण्यासाठी ते ब्रिस्टलजवळच्या क्लिफ्टन येथे राहिले. तिथल्या दरीवरील झुलत्या पुलाच्या स्पर्धेत त्यांनी आराखडे पाठवले आणि ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांशी त्यांची ओळख झाली. हीच ओळख पुढे कामी आली. मार्च १८३३ मध्ये ब्रिस्टल ते लंडन या नियोजित ‘ग्रेट वेस्टर्न रेल्वे’चे अभियंता म्हणून त्यांची निवड झाली. तेव्हा त्यांचे वय होते अवघे २६.

वहीतल्या वेड्यावाकड्या वर्तुळांची गोष्ट काय?

ब्रुनेल यांनी रेल्वेचा अनुभव त्याआधीच घेतला होता. डिसेंबर १८३१ मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गावर प्रवास करताना त्यांनी वही काढली आणि धावत्या गाडीत हाताने वर्तुळे काढून पाहिली. गाडीच्या हादऱ्यांमुळे ती वेडीवाकडी आली. ताशी ४५ मैल, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटर वेगाने जाताना आवाज आणि हादरे यांचा त्रास न होता कॉफी पीत लिहिता येईल असा दिवस दूर नाही, अशा अर्थाची नोंद त्यांनी वहीत केली.

म्हणजे रेल्वेची पहिली जबाबदारी हाती येण्यापूर्वीच त्यांच्या मनात एक कसोटी ठरली होती. गाडी वेगाने तर धावलीच पाहिजे, पण चहाकॉफी सांडता कामा नये. पुढचे सगळे नाट्य याच कसोटीभोवती घडले.

तेव्हाचे लोहमार्ग कसे असत?

सुरुवातीच्या अनेक मार्गांवर रुळांखाली दगडी ठोकळे असत. लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गावर जॉर्ज स्टीफन्सन यांनी बऱ्याच अंतरात असे ठोकळे वापरले. जिथे भराव नवा होता किंवा जमीन दलदलीची होती, तिथे मात्र आडवे लाकडी स्लीपर टाकले. दगडी ठोकळे मजबूत, पण प्रत्येक ठोकळा सुटा. एक खचला आणि शेजारचा तसाच राहिला, की रूळ वाकडा होई. शिवाय दगडाला लवचीकता नसल्याने चाकांचे हादरे थेट डब्यात पोहोचत.

ठोकळे असोत की स्लीपर, त्यांच्याखाली रेती, गोटे किंवा फोडलेला दगड पसरलेला असे. यालाच रेल्वेच्या भाषेत ‘बॅलास्ट’ म्हणतात. हा शब्द आला जहाजांवरून. रिकाम्या जहाजाचा तोल राहावा म्हणून तळाशी जी रेती किंवा दगड भरतात, ते बॅलास्ट. आपल्याकडच्या दर्यावर्दींच्या बोलीत त्याला नीरम म्हणतात. कोळसा पोहोचवून इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर परतणारी जहाजे हे नीरम धक्क्यावर उतरवीत आणि खाणींच्या रूळमार्गांखाली ते पसरले जाई. नाव तिथूनच चिकटले.

ब्रुनेल यांनी वेगळे काय केले?

जवळपास सगळेच. स्टीफन्सन यांच्या मार्गांवर दोन रुळांमधील अंतर ४ फूट साडेआठ इंच होते. ब्रुनेल यांनी ते ७ फूट ठेवले. रुंद मार्गावर गाडी अधिक स्थिर राहील आणि वेग वाढवता येईल, हा त्यांचा हिशेब होता.

दुसरा बदल रुळांखाली होता. रुळाला ठरावीक अंतरावर आधार देण्याऐवजी तो सलग मिळाला पाहिजे, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी रुळाच्या खाली, रुळाच्याच दिशेने लांबच लांब लाकडी तुळया टाकल्या. दोन्ही बाजूंच्या तुळयांमधील अंतर कायम राहावे म्हणून सुमारे १५ फुटांवर आडवे दांडे बसवले. लाकूड कुजू नये म्हणून त्यावर पाऱ्याच्या क्षाराची प्रक्रिया केली. सलग आधार असल्याने रूळही हलका चालेल, असे गृहीत धरून मीटरला सुमारे २१ किलो वजनाचे रूळ निवडले.

इथपर्यंत सारे पटण्यासारखे होते. पण ब्रुनेल यांना खडी सैल पडण्याची शक्यताच ठेवायची नव्हती. त्यासाठी त्यांनी बीच लाकडाचे खुंट जमिनीत खोल ठोकून आडवे दांडे त्यांना बोल्टने जखडले. मग लांब तुळयांखाली वाळूमिश्रित गोटे ठासून भरायला लावले, इतके की तुळई वर उचलली जाऊ पाहील. खुंट तिला वर येऊ देणार नाहीत आणि तुळई खडीला सतत दाबून धरील. एकदा ठासलेली खडी कायमची घट्ट, अशी ही योजना होती.

नव्या मार्गावर खडी कशी पसरली जाई?

कागदावरची ही योजना प्रत्यक्षात आणणारे हात होते ‘नॅव्ही’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कामगारांचे. डोंगर कापणे, भराव घालणे आणि मार्ग टाकणे ही सगळी कामे फावडी, कुदळी, ढकलगाड्या आणि घोडे यांच्या जोरावर होत.

आधी भराव किंवा खोदाईचा माथा सारखा केला जाई आणि पाणी बाजूला वाहून जाईल अशी सोय ठेवली जाई. मग जवळच्या खाणीतून किंवा खोदाईतून निघालेले गोटे आणि रेती तात्पुरत्या रुळांवरून वाघिणींत आणून ओतली जाई. कामगार फावड्यांनी ते ढीग मोडून सारखा थर करत. हा तळचा थर. त्यावर लाकूड आणि रूळ बसले, की पातळी पाहून मार्ग उचलला जाई आणि खालच्या पोकळीत खडी ठासली जाई. शेवटी लाकडाच्या बाजूंनी आणि मधल्या जागेत वरचा थर भरला जाई, म्हणजे मार्ग आडवा सरकत नसे.

यातले सर्वांत कसबाचे काम ठासण्याचे. खडी एका जागी जास्त आणि दुसऱ्या जागी कमी ठासली गेली, तर पहिली गाडी जाताच फरक दिसतो. शिवाय ताजा भराव काही महिने खचत राहतो. त्यामुळे ठासण्याचे काम एकदाच करून संपत नाही. ब्रुनेल यांच्या योजनेत नेमकी हीच गोष्ट धरलेली नव्हती.

पहिल्याच गाडीत काय घडले?

उद्घाटनाच्या तोंडावर ब्रुनेल स्वतःच अंथरुणाला खिळले होते. त्यांनीच आराखडा केलेल्या ‘ग्रेट वेस्टर्न’ या आगबोटीवर ३१ मार्च १८३८ रोजी आग लागली. जळक्या शिडीवरून ते सुमारे २० फूट खाली कोसळले. खाली उभ्या असलेल्या सहकाऱ्याच्या अंगावर पडल्याने जीव वाचला, पण काही आठवडे विश्रांती घ्यावी लागली.

४ जून १८३८ रोजी लंडनच्या पॅडिंग्टनपासून मेडनहेडपर्यंतचा सुमारे ३६ किलोमीटरचा पहिला टप्पा प्रवाशांसाठी खुला झाला. रुंद मार्ग, प्रशस्त डबे, पण प्रवास मात्र हिंदकळणारा. ज्याने गुळगुळीत प्रवासाचे स्वप्न पाहिले, त्याच्याच मार्गावर गाडी लाटांवरच्या होडीसारखी वरखाली होऊ लागली. तक्रारी वाढल्या.

कारण रुळांखालीच होते. गाड्या धावू लागताच तुळयांखालची खडी दबली आणि भरावही खचला. साध्या मार्गावर असे झाले असते, तर सगळा मार्ग थोडाफार सारखाच खाली बसला असता. इथे मात्र खुंट घट्ट उभे होते. तुळई खाली धरून ठेवण्यासाठी ठोकलेले हे खुंटच आता तिला त्या त्या जागी वर तोलून धरू लागले. खुंटाजवळ मार्ग कडक आणि उंच, दोन खुंटांच्या मध्ये खचलेला. दर काही फुटांवर एक उंचवटा तयार झाला.

चूक कबूल केली का?

ब्रुनेल हट्टी म्हणून प्रसिद्ध होते. पण खुंटांची कल्पना चुकली, हे त्यांनी १८३८ मध्येच मान्य केले आणि संचालकांना खुंट सोडून देण्याची शिफारस केली. मार्ग खुंटांपासून मोकळा करण्यात आला. खडी पुन्हा नीट ठासण्यात आली. पुढच्या टप्प्यांसाठी तुळया अधिक जाड घेतल्या आणि रुळाचे वजन मीटरला सुमारे ३१ किलोपर्यंत वाढवले.

खुंट सुटले आणि मार्ग सुधारला. सलग तुळयांची मूळ कल्पना वाईट नव्हती. वाईट होता तो मार्गाला हलूच न देण्याचा आग्रह. खडीवरचा मार्ग गाडीखाली किंचित दबतो आणि पुन्हा वर येतो. तो हळूहळू खाली बसतो, तेव्हा तो उचलून खाली पुन्हा खडी ठासता येते. ही दुरुस्तीची सोय हाच खडीचा सर्वांत मोठा गुण आहे, आणि ब्रुनेल यांच्या खुंटांनी नेमकी तीच सोय बंद केली होती.

नोकरी धोक्यात का आली?

दुरुस्ती सुरू होईपर्यंत भागधारक बिथरले होते. विशेषतः लिव्हरपूलच्या भागधारकांचा रुंद मार्गालाच विरोध होता. रुळांखालची खडी हे त्यांच्या हाती आयते सापडलेले निमित्त ठरले. मार्ग धड नाही, म्हणजे सात फुटांची कल्पनाही धड नाही, असा सूर निघाला.

जॉन हॉकशॉ आणि निकोलस वुड या दोन अभियंत्यांना तपासणीसाठी बोलावण्यात आले. हॉकशॉ यांनी रुंद मार्गावर कडक टीका केली. वुड यांच्यासाठी डायोनिसियस लार्डनर यांनी चाचण्या घेतल्या. ‘नॉर्थ स्टार’ हे इंजिन अपेक्षित वेग गाठत नाही, याचा दोष हवेच्या विरोधाला आणि पर्यायाने रुंद गाड्यांना देण्यात आला. ब्रुनेल आणि कंपनीचे तरुण इंजिनप्रमुख डॅनियल गूच यांनी इंजिनातील वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीत सुधारणा केली. तेच इंजिन कमी कोळशात जास्त वेगाने धावले आणि टीकेतील जोर ओसरला.

दरम्यान, ब्रुनेल यांच्या जोडीला दुसरा अभियंता नेमण्याचा विचार पुढे आला होता. जबाबदारी अशी वाटून घेण्यापेक्षा पद सोडण्याची त्यांची तयारी होती. अखेर जानेवारी १८३९ मधील सभेत बहुमत त्यांच्या बाजूने पडले. खुंट गेले, पण रुंद मार्ग आणि ब्रुनेल दोन्ही राहिले.

पुढचे आयुष्य कसे गेले?

३० जून १८४१ रोजी लंडन ते ब्रिस्टल हा सुमारे १९० किलोमीटरचा संपूर्ण मार्ग सुरू झाला. त्यात जवळजवळ तीन किलोमीटर लांबीचा बॉक्स बोगदा होता. नाव ब्रुनेल यांचे झाले, तरी मार्गाखाली अनेक अनामिक कामगारांचे कष्ट आणि प्राणही गेले होते.

यश आणि अपयश त्यांच्या आयुष्यात हातात हात घालून चालले. हवेच्या दाबावर गाडी चालवण्याचा दक्षिण डेव्हनमधील प्रयोग १८४८ मध्ये गुंडाळावा लागला. दोन वेगवेगळ्या रुंदीचे मार्ग जिथे भेटत, तिथे माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. त्यामुळे चौकशी आयोग नेमला गेला आणि १८४६ च्या कायद्याने नव्या मार्गांसाठी साधारणतः अरुंद मापच ठरवले. ब्रुनेल यांचा सात फुटांचा मार्ग वेगात सरस ठरला होता, पण अरुंद मार्गाचे जाळे त्याहून कितीतरी मोठे होते.

मे १८५९ मध्ये साल्टॅश येथील त्यांचा भव्य पूल खुला झाला, तेव्हा ते इतके आजारी होते की उघड्या वाघिणीवर झोपवून त्यांना पुलावरून नेण्यात आले. त्यांची खडी ठासणारे कामगार ज्यातून ये-जा करत, तसल्याच वाहनातून त्यांनी आपला अखेरचा मोठा पूल पाहिला. १५ सप्टेंबर १८५९ रोजी वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

रुंद मार्गाचा शेवट कसा झाला?

मे १८९२ मध्ये उरलेला सात फुटी मार्गही अरुंद करण्याचे ठरले. चार हजारांहून अधिक कामगार नैऋत्य इंग्लंडमध्ये मार्गालगत मुक्कामाला आले. आडव्या दांड्यांभोवतीची खडी आधीच उकरून ठेवली होती. शनिवार-रविवारी दांडे कापले गेले, एका बाजूची तुळई रुळासह आत सरकवली गेली आणि खडी पुन्हा भरली गेली. सोमवारी, २३ मे रोजी अरुंद मार्गाच्या गाड्या धावू लागल्या. हा सारा मार्ग खुंटांना जखडलेला असता, तर दोन दिवसांत सरकवणे शक्य झाले नसते. ज्या सुटेपणावर ब्रुनेल यांनी सुरुवातीला मात करू पाहिली, त्यानेच शेवटी त्यांच्या मार्गाचे रूपांतर सोपे केले.

भारताशी संबंध काय?

ब्रुनेल भारतात कधी आले नाहीत. मात्र बंगालमधील ईस्टर्न बेंगॉल रेल्वेसाठी त्यांनी लंडनहून अभियंता म्हणून काम पाहिले. कोलकाता ते कुष्टिया हा तिचा मार्ग त्यांच्या मृत्यूनंतर १८६२ मध्ये सुरू झाला. भारतासाठी ५ फूट ६ इंचांचे माप निवडले गेले होते. स्टीफन्सन यांच्यापेक्षा रुंद, ब्रुनेल यांच्यापेक्षा अरुंद. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावलेली पहिली प्रवासी गाडी याच मापावर धावली. आज आपण त्यालाच ‘ब्रॉडगेज’ म्हणतो.

आज खडी कशी टाकतात?

क्रम बराचसा तोच आहे, हात बदलले आहेत. गोल गोट्यांऐवजी यंत्रावर फोडलेला, कोनदार आणि टणक दगड वापरतात. त्याचे आकारमान साधारण २० ते ६५ मिलिमीटर असते. कोनदार खडे एकमेकांत अडकतात, त्यामुळे थर सरकत नाही. गाडीचा भार स्लीपरकडून खाली जाताना मोठ्या पृष्ठभागावर पसरतो. खड्यांमधील फटींतून पाणी निघून जाते.

भरावावर आधी खडीचा थर अंथरून दाबतात आणि त्यावर काँक्रीटचे स्लीपर व रूळ बसवतात. मग तळाला दरवाजे असलेल्या वाघिणी सावकाश चालवत रुळांमध्ये व बाजूंना खडी सोडतात. टॅम्पिंग मशीन मार्ग उचलून धरते आणि तिची पोलादी बोटे खडीत घुसून थरथरत ती स्लीपरखाली ठासतात. दुसरे यंत्र बाजूंना उतार देत खडी सारखी करते. हे सगळे एका फेरीत होत नाही. खडी टाकणे, मार्ग उचलणे आणि ठासणे हे थराथराने पुन्हा पुन्हा करावे लागते. नव्या मार्गावर सुरुवातीला गाड्या हळू चालवतात, त्यामागेही खडी नीट बसेपर्यंत वाट पाहण्याचे कारण असते.

मग खडीविना मार्ग असतात का?

असतात. मुंबई मेट्रोच्या उन्नत मार्गांवर खडी दिसत नाही, कारण तिथे रूळ काँक्रीटवर बसवलेले असतात. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठीही काँक्रीटच्या लाद्यांवरचा मार्ग आहे. रुळाला पक्का आणि सलग आधार द्यायचा, हीच तर ब्रुनेल यांची इच्छा होती. फरक असा की आज काँक्रीटखालचा पायाच न खचणारा बांधता येतो. तो खर्चीक असतो आणि एकदा चुकला, तर दुरुस्ती अवघड.

मातीच्या भरावावरून जाणाऱ्या हजारो किलोमीटर मार्गांवर म्हणूनच खडी कायम आहे. ती खचणार, वाहून जाणार आणि ट्रॅकमनना ती पुन्हा ठासावी लागणार. ते टाळण्यासाठी ब्रुनेल यांनी खुंट ठोकले होते. पहिल्या टप्प्यावरचा त्यांचा मार्ग दुरुस्त झाला, तो ते खुंट सोडल्यावर आणि फावडी पुन्हा हातात घेतल्यावरच.